मिरचीचा लाल, पण वाळल्या मिरचीचा

अमळनेरहून तिघांचा प्रश्न आला आहे. खान्देशातल्या गाण्या-बजावण्यावर त्रैमासिक काढायचं आहे. आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची आणि कानबाई देवीची गाणी, डफावर गायच्या वह्या, सातपुड्यातला ढोल आणि पावरी, लग्नातले बँड, मोबाइलवर धुमाकूळ घालणारी नवी अहिराणी गाणी, मधूनमधून एखादा लेख शास्त्रीय मैफलीवर. पानं ४८, आकार ए-फोर, प्रती १०००, सोबत मोबाइलवर पाठवायला पीडीएफ. पहिला अंक आखाजीला. नाव अजून ठरलेलं नाही, पण रंगावरून भांडण होऊन गेलं आहे. एकाला काळा आणि सोनेरी हवा, अंक श्रीमंत दिसला पाहिजे म्हणून. ताईंना केळीचा हिरवा आणि हळदीचा पिवळा हवा, अंकात खान्देश दिसला पाहिजे म्हणून. तिसरा स्वतः बँडमध्ये कॅसिओ वाजवतो, त्याला रात्रीच्या स्टेजसारखे निळे-जांभळे-गुलाबी हवेत. शेवटी एकच ओळ : "काका, आमले रंग सांगा."

सांगतो. पण आधी कबुली देतो की या अंक सजवायच्या धंद्यात मी पहिली काही वर्षं रंग उलट्या बाजूने निवडले. आधी स्क्रीनवर सुंदर रंग जुळवायचे, ते पार्टीला दाखवून होकार घ्यायचा आणि मग छापखान्यात जाऊन रडायचं. आता आधी दोन गोष्टी विचारतो. कागद कोणता? आणि फोटो कसे येणार? या दोन्हींची उत्तरं आली की रंगांचा निम्मा निकाल लागलेला असतो. उरलेल्या निम्म्यात तुम्ही एक रंग निवडायचा आणि तो धरून ठेवायचा. संगीताच्या अंकाला पाच रंगांची माळ लागत नाही.

कागदाचं आधी उरकतो. १००० प्रती आणि ४८ पानं म्हटल्यावर तुम्ही आतल्या पानांना सत्तर जीएसएमचा मॅपलिथो म्हणजे साधा, बिनचकाकीचा कागद घेणार, कव्हरला चकचकीत, जाड आर्ट कार्ड. मॅपलिथो शाई पितो. छपाईत छटा बारीक ठिपक्यांनी होते. स्क्रीनवर जो पन्नास टक्क्यांचा ठिपका दिसतो, तो या कागदावर फुगून सत्तरच्या आसपास दिसतो. म्हणजे मध्यम छटा सगळ्या गडद होतात, गडद छटा चिखल होतात आणि चकचकीत रंग मंद पडतात. छपाईच्या चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज मॅपलिथोवर २६०च्या वर जाऊ देऊ नका, आर्ट पेपरवर ३००च्या वर. ही बेरीज सॉफ्टवेअरमध्ये दिसते, छापखान्याला विचारायची गरज नाही. आणि कागद पांढराशुभ्र मागवू नका. थोडा दुधी, नैसर्गिक छटेचा मागवा. कागद हाच तुमच्या अंकातला सर्वांत मोठा रंग आहे, सत्तर टक्के पान त्यानेच भरलेलं असतं, आणि कोणी तो रंग म्हणून मोजतच नाही.

आता फोटो. इथे जरा बसून बोलू, कारण संगीताच्या अंकाचं खरं दुखणं इथेच आहे.

तुमच्याकडे येणारे फोटो मी न बघता सांगतो. एक गठ्ठा घराघरांतल्या ट्रंकांमधून येईल : पिवळे पडलेले कृष्णधवल फोटो, कोपरे दुमडलेले, कुणाच्या तरी आजोबांच्या हातात डफ. दुसरा गठ्ठा मोबाइलचा : भर दुपारी काढलेले, वर पांढरंफट आभाळ, झोक्यावरच्या बायकांचे चेहरे सावलीत काळे. तिसरा रात्रीचा, तोच सर्वांत अवघड. त्यातले अर्धे स्टेजचे असतील, अर्धे आगीच्या उजेडातले. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या होळीला जाऊन आला असाल तर कल्पना असेल : रात्रभर ढोल, अंगावर पांढरे ठिपके काढलेले, डोक्यावर मोरपिसांचे टोप चढवलेले बुध्या, आणि सगळं केशरी-काळ्या उजेडात. हे तीन गठ्ठे एकाच पानावर आले की तुमचा निवडलेला रंग कोणताही असो, पान बाजारासारखं दिसणार.

स्टेजचे फोटो तर छपाईचे वैरीच. कॅसिओवाल्या भाऊला जो निळा-जांभळा आवडतो, तो एलईडी दिव्याचा आहे. स्क्रीन प्रकाशाने रंग करते, म्हणून तिथे तो तसाच झगझगतो. छापखान्यात प्रकाश नाही, चार शाया आहेत : सायन म्हणजे आकाशी, मॅजेंटा म्हणजे किरमिजी, पिवळा, काळा. त्या चौघांतून तो निळा निघतच नाही. सायन शंभर आणि मॅजेंटा शंभर केलंत तर निळ्याऐवजी वांग्याच्या सालीसारखं जांभळं काहीतरी मिळतं. भरताला चालेल, कव्हरला नाही. निळा हवाच असेल तर मॅजेंटा सायनपेक्षा निदान तीस टक्क्यांनी खाली ठेवावा लागतो, आणि तरी येतो तो शाळेच्या गणवेशाचा निळा, स्टेजचा नाही. गर्द गुलाबी, पोपटी आणि झळझळीत केशरी यांचंही असंच होतं.

उपाय आहे. निळ्या उजेडातला फोटो उघडा आणि त्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनल वेगवेगळे बघा. निळा चॅनल जळून पांढरा झालेला असतो, त्यात गायकाचं नाकही दिसत नाही. हिरव्या चॅनलमध्ये बहुतेक वेळा चेहरा शाबूत असतो. त्या चॅनलवरून फोटो कृष्णधवल करून घ्या. अशा पद्धतीने वाचवलेले फोटो पाहून लोक मला विचारतात की हा फोटोग्राफर कोण. फोटोग्राफर तोच, मोबाइलवाला पुतण्या.

आणि एकदा स्टेजचे फोटो कृष्णधवल झाले की ट्रंकेतले जुने फोटो त्यांच्याशेजारी आपोआप नांदतात. मग दोघांना मिळून एकच रंग द्यायचा. म्हणजे काळ्या छटेखाली तुमच्या निवडलेल्या रंगाची दुसरी छटा घालायची. छपाईच्या भाषेत हा ड्युओटोन. १९५०-६०च्या दशकांत न्यूयॉर्कच्या ब्लू नोट या जॅझ रेकॉर्ड कंपनीची कव्हरं रीड माइल्स नावाचा डिझायनर करायचा. फ्रान्सिस वुल्फचे कृष्णधवल फोटो, त्यावर एखादा सपाट रंग, आणि मोठी अक्षरं. छपाईला पैसे कमी, म्हणून बहुतेक वेळा दोनच रंग. आज जगभर संगीताची कव्हरं करणारे लोक त्यांचीच नक्कल करतात. गंमत म्हणजे माइल्सला स्वतःला जॅझपेक्षा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतच जास्त आवडायचं. हे तुमच्यातल्या बँडवाल्याला मुद्दाम सांगतो : रंग निवडताना आपली आवड बाजूला ठेवली तरी चालतं.

चेहऱ्यांबद्दल एक गोष्ट. आपल्याकडच्या माणसांचे चेहरे चार रंगांत छापताना दोन तऱ्हांनी बिघडतात. ऑपरेटर मॅजेंटा वाढवतो, मग सगळे उन्हातून धावत आल्यासारखे लालबुंद दिसतात. किंवा डिझायनर 'जरा उजळ करू' म्हणून हात फिरवतो, मग माणूस राखेत लोळल्यासारखा करडा. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत राबलेल्या बाईला गोरं करायचं कारण काय? तिच्या कातडीचा तपकिरी तसाच ठेवा. मॅजेंटापेक्षा पिवळा थोडा वर, आणि सायन मॅजेंटाच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत, असा माझा ढोबळ हिशेब आहे. माणूस जितका सावळा तितका सायन वर.

ताईंचा हिरवा मी याच कारणाने बाजूला काढतो आहे. केळीचा हिरवा चार रंगांत चांगला निघतो, त्यात छपाईची अडचण काही नाही. अडचण शेजाराची आहे. मोठ्या हिरव्या पट्ट्याशेजारी तपकिरी चेहरा ठेवला की डोळा त्यात लाल जास्त बघतो आणि चेहरे भाजल्यासारखे वाटतात. शेतीच्या अंकात पानं, घड, रोपं असतात, तिथे हिरवा शोभतो. तुमच्या अंकात पानोपानी माणसं असणार. पिवळ्याचं दुखणं वेगळं. शुद्ध पिवळ्याचा पांढऱ्यावर उठाव जवळपास शून्य. वेबसाइटच्या नियमांत लहान अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान ४.५ पट फरक असावा लागतो, मोठ्या मथळ्याला ३ पट. पिवळा पांढऱ्यावर दोन पटही भरत नाही. पिवळ्यावर काळं मात्र झकास वाचता येतं, म्हणून तर रस्त्यावरचे धोक्याचे फलक तसे असतात. पण मग अंकही रस्त्यावरच्या फलकासारखा दिसतो.

आणि एक गोष्ट जी डिझाइनच्या पुस्तकात सापडणार नाही. आपल्याकडे रंगाला झेंडा असतो. सपाट भगवं, सपाट हिरवं, सपाट निळं, अगदी भंडाऱ्याचं पिवळंसुद्धा : मुखपृष्ठावर पसरलं की वाचक नाव वाचायच्या आत 'हा अंक कुणाचा' ते ठरवून मोकळा होतो. निवडणुकीच्या दिवसांत तर विचारूच नका. तुमच्या अंकात कानबाईही असेल आणि कव्वालीही, डफ असेल आणि भजनही. सगळ्यांनी हातात घ्यावा असं वाटत असेल तर झेंड्यावर जी छटा आहे ती टाळा. तोच रंग मातकट केला, त्यात थोडा काळा घातला, की झेंडा उतरतो आणि रंग उरतो.

सोनेरीवाल्या मित्राला दुःख होईल, पण चार रंगांत सोनेरी नसतोच. सायन वीस, मॅजेंटा पस्तीस, पिवळा नव्वद, वर थोडा काळा असं काहीतरी घालून जे येतं त्याला स्क्रीनवर आपण सोनेरी म्हणतो, आणि मॅपलिथोवर तीच सांडलेली मोहरीची फोडणी दिसते. खरा सोनेरी हवा तर धातूची वेगळी शाई, तिची वेगळी प्लेट (प्रत्येक शाईला छापायचा एक पत्रा लागतो, तो), किंवा कव्हरवर गरम ठशाने फॉइल. लग्नपत्रिकावाले ते रोज करतात, तुम्हीही वर्षातून एकदा दिवाळीला करा, नावापुरतं. जळगावच्या सराफ बाजारात खरं सोनं ज्यांनी पाहिलंय त्यांना मोहरी दाखवून फसवता येणार नाही.

काळ्याची एक स्वतःची गोष्ट सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गायन स्पर्धेची स्मरणिका केली होती. मुखपृष्ठ संपूर्ण काळं, मधोमध तंबोरा. काळा गडद दिसावा म्हणून मी चारही रंग शंभर-शंभर टक्के ठेवले. बेरीज ४००. छापखान्याने फोन करून विचारलंसुद्धा, मी म्हटलं, छापा. शाई वाळली नाही. गठ्ठा रचल्यावर एका कव्हरची शाई वरच्या कव्हराच्या पाठीला लागली, आणि त्या पाठीवर अध्यक्षांचं मनोगत होतं. निम्म्या प्रतींत अध्यक्षांच्या मनोगतावर तंबोऱ्याचं भूत. गठ्ठे सोडवताना दोन मुलांचे हात कोपरापर्यंत काळे झाले. तेव्हापासून कव्हरवर मोठा काळा हवा असेल तर सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४०, काळा १००, बस. बेरीज २४०. आणि लेखाच्या मजकुराला फक्त काळी शाई, दुसरा एक थेंब नाही. चार शायांतून अक्षर काढलं आणि एक प्लेट केसभर सरकली की प्रत्येक काना दोन-दोन दिसतो.

देवनागरीचं हे वेगळंच प्रकरण आहे, आणि इंग्रजीत शिकलेले डिझायनर इथे हमखास आपटतात. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं ही संगीताच्या अंकांची आवडती फॅशन. रोमन अक्षराला ती सोसते. आपल्या अक्षराला वर शिरोरेघ, तिच्यावर मात्रा, अनुस्वार, रफार. खाली उकार, जोडाक्षरात पोटातली बारीक पोकळी. शाई चारही बाजूंनी आत फुगते आणि पहिला बळी अनुस्वाराचा जातो. 'मंद' लयीचं 'मद' लय झालेलं मी पाहिलंय. दुसरा बळी रफाराचा. म्हणून रंगाच्या पट्टीवर पांढरं अक्षर ठेवायचं तर निदान चौदा पॉइंट आणि ठसठशीत वजनाचं, आणि पट्टी शक्यतो एकाच शाईची. फोटोवर पांढरा मजकूर तर ठेवूच नका, फक्त मथळा.

कुणीतरी विचारेलच, म्हणून परंपरेचंही सांगून टाकतो. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला रंग दिलेला आहे. शृंगार श्याम, हास्य पांढरं, करुण कपोत म्हणजे पारव्यासारखं करडं, रौद्र लाल, वीर गौर, भयानक काळं, बीभत्स निळं, अद्भुत पिवळं. नारदीय शिक्षेत तर स्वरांनाही रंग आहेत : गांधार सोन्यासारखा, मध्यम कुंदाच्या फुलासारखा, पंचम काळा, धैवत पिवळा आणि निषादात सगळे रंग. वाचायला फार सुंदर. यावरून अंकाची रंगसंगती बांधायचा मोह मला एकदा झाला होता. पण बघा, प्रेमाला तिथे श्याम रंग आहे आणि आजचा वाचक प्रेम म्हटलं की गुलाबी शोधतो. वीराला गौर आहे आणि आजचं पोस्टर वीराला केशरी फासतं. रंगाचा अर्थ पुस्तकात ठरत नाही, वाचणाऱ्याने तो कुठे-कुठे पाहिलाय त्यावरून ठरतो. यावर एखादा लेख जरूर छापा. रंगसंगती मात्र तिथून घेऊ नका.

घ्यायचीच असेल तर जळगावहून साधारण ६० किलोमीटरवर अजिंठा आहे, तिथे एक सकाळ घालवा. लाल गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना. निळा दगड बाहेरून आलेला, म्हणून जपून वापरलेला. एवढ्याच सामानात त्या भिंती भरल्या आहेत आणि लाल-हिरवा शेजारी असूनही कुठे खटकत नाहीत. कारण सगळे रंग सारख्याच ताकदीचे आहेत, सगळेच मातकट. दोन रंग जुळतात की नाही हे ते कोणते आहेत यापेक्षा ते किती भडक आणि किती उजळ आहेत यावर जास्त ठरतं. बाहुल्यांचा गुलाबी आणि गेरू एकत्र आले की गेरू मळलेला वाटतो. गेरू आणि काजळी एकत्र आली की दोघांची इभ्रत राहते.

तर माझं उत्तर. नंदुरबारला मिरचीच्या हंगामात पथारी, म्हणजे वाळत पसरलेली मिरची, बघितली असेल. शेतंच्या शेतं लाल. पण ओल्या मिरचीचा लाल वेगळा, तो चकाकतो. चार-आठ दिवसांनी मिरची वाळत आली की तिच्यात काळसर, थोडा तपकिरी असा खोल लाल उतरतो. तो घ्या. आकड्यांत सांगायचं तर सायन १५, मॅजेंटा ९५, पिवळा ८५, काळा १५. बेरीज २१०, म्हणजे मॅपलिथोलाही झेपते. तो कुठल्या झेंड्यावर नाही. पांढऱ्यावर त्याची अक्षरं वाचता येतात, त्याच्यावर पांढरी अक्षरंही वाचता येतात. तपकिरी चेहऱ्याशेजारी तो भावासारखा बसतो, कारण दोघांत मॅजेंटा-पिवळ्याचं घराणं एकच. आणि काळ्या शाईबरोबर ड्युओटोनला तर तो उत्तमच, जुन्या फोटोंचा पिवळेपणा त्यात मुरून जातो. ताईंचा खान्देश दिसावा हा हट्टही पुरा होतो, कुठलं केळीचं पान न काढता.

तर काळा, वाळल्या मिरचीचा लाल, आणि दुधी कागद. हे तीन कायमचे, निदान आठ अंक तरी. पहिल्या वर्षी तुम्हाला तिघांनाच त्याचा कंटाळा येईल. वाचकाला तीन महिन्यांनी एकदा अंक दिसतो, त्याची तर अजून ओळखच होत असते.

चौथा रंग पाहुणा. दर अंकाला एक, त्या अंकाच्या विषयातून आलेला, आणि दहा टक्क्यांहून जास्त जागा न घेणारा. आखाजीच्या अंकाला कैरीचा फिका हिरवा. श्रावणात कानबाईच्या अंकाला नारळाच्या शेंडीचा तपकिरी, किंवा रोटाचा भाजका पिवळट. होळीच्या अंकाला राखेचा करडा. होळी म्हणजे रंगांची उधळण हे चित्र आपल्याकडे बाहेरून आलंय, काठीला जाऊन बघा, तिथे आग, राख आणि मोरपीस आहे. दिवाळीला सोनेरीवाल्याचं फॉइल, त्याचंही मन राखलं जाईल. बँडविशेष काढाल तेव्हा गणवेशावरच्या जरीचा पिवळा. विभागवार वेगवेगळे रंग मात्र देऊ नका. लोकसंगीत हिरवं, शास्त्रीय निळं, सिनेमा गुलाबी असं केलं की अंक विमा कंपनीच्या माहितीपत्रकासारखा दिसतो, आणि वाचक ते रंग लक्षात ठेवतही नाही.

या लालाचे दोन डाव माहीत असू द्या. पहिला : लालाची फिकी छटा लाल राहत नाही, गुलाबी होते. चौकटीची पार्श्वभूमी म्हणून तुम्ही वीस टक्के लाल टाकाल आणि पान बारशाच्या पत्रिकेसारखं दिसेल. चौकटींना काळ्याची आठ-दहा टक्के छटा द्या, किंवा नुसती वर-खाली लाल रेघ ओढा. लाल वापरायचा तो पूर्ण, नाहीतर नाहीच. दुसरा डाव उन्हाचा. आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. पुस्तकाच्या टपरीवर दोरीला लटकवलेल्या अंकाची पिवळी आणि मॅजेंटा शाई आधी उडते, सायन आणि काळी टिकतात. म्हणून तर जुन्या पोस्टरवरची माणसं निळी पडलेली दिसतात. तुमचा लाल याच दोन उडणाऱ्या शायांचा आहे. म्हणून अंकाचं नाव लालात छापू नका. नाव काळ्यात, आणि लाल त्याच्या खालच्या सपाट भागात. लाल उडाला तरी नाव शाबूत. कव्हरला मॅट लॅमिनेशन केलंत तर हाताला बरं वाटेल, पण रंग एक घर मंद होतो हे धरून चाला. ग्लॉसने लाल खुलतो, पण टपरीवरच्या उन्हात त्यात आभाळच दिसतं. मी मॅट घेतो.

खर्चाचं गणित एका उदाहरणाने. लहान मशीनवर एका कागदाला दोन्ही बाजू मिळून ए-फोरची आठ पानं बसतात. ४८ पानांना सहा कागद, म्हणजे बारा बाजू. सगळं चार रंगांत केलं तर ४८ प्लेटा. सगळं काळा-लाल केलं तर २४. मी मधला रस्ता सुचवतो. पिनांनी शिवलेल्या अंकात मधली सोळा पानं, १७ ते ३२, एकत्र येतात. ती आर्ट पेपरवर चार रंगांत घ्या, काठीची होळी आणि चांगले दिवसाचे फोटो तिथे. बाकी बत्तीस पानं मॅपलिथोवर काळा-लाल. मधल्या सोळांना १६ प्लेटा, बाकीच्यांना १६, एकूण ३२. पाहुणा रंग मग कव्हरवर आणि मधल्या पानांत फिरेल, आतल्या दोन रंगांना त्रास नाही. एक खुबी लक्षात ठेवा : आतला लाल वेगळी शाई म्हणून छापला जाणार आणि कव्हरचा लाल चार शायांतून बनणार. दोन्ही शेजारी धरून जुळवायला लावा. ऑपरेटर डब्यातला तयार लाल ओतून मोकळा होईल, तो भडक असतो. त्यात थोडा काळा मिसळायला सांगा, स्वतः उभं राहून. चहा तुमच्याकडून.

पीडीएफची चिंता करू नका. छपाईची फाइल आणि मोबाइलची फाइल वेगळी काढा, मोबाइलची स्क्रीनच्या रंगांत. तिथे मागचा दुधी रंग अगदी हलका ठेवा, नाहीतर कमी ब्राइटनेसवर ती कळकट फरशी वाटते. स्टेजचे फोटो या फाइलमध्ये हवे तर रंगीत ठेवा. निळे, जांभळे, गुलाबी, कॅसिओवाल्या भाऊला हवे तसे. मोबाइलवर ते खरंच छान दिसतात.

नक्की करण्याआधी तीन परीक्षा घ्या. फुकटच्या आहेत. कव्हरचा प्रिंट काढून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे त्याची साधी काळी झेरॉक्स काढा. झेरॉक्समध्ये मथळा पार्श्वभूमीत बुडाला तर रंग वेगळे असले तरी उजळपणा सारखा आहे, बदला. लाल-हिरवा न ओळखणाऱ्या पुरुष वाचकांनाही तीच पानं त्रास देतात. मग तोच प्रिंट घरातल्या सत्तरीच्या माणसाला ट्यूबलाइटखाली वाचायला द्या. वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळट होतं. त्यांना गडद निळा आणि काळा एकच दिसतात आणि फिका करडा दिसतच नाही. आखाजीच्या गाण्यांचे शब्द दुरुस्त करून पाठवणारी वाचक हीच असणार, तिला वाचता आलंच पाहिजे. शेवटी तो प्रिंट एसटी स्टँडवरच्या पुस्तकाच्या स्टॉलवर बाकीच्या अंकांत ठेवून पाच पावलं मागे या. स्टॉलवाला आधी हुसकावेल. त्याला सांगा, दोन मिनिटं.

पहिला अंक आखाजीला काढायचा म्हणता, म्हणजे छपाई ऐन एप्रिल-मेमध्ये. तेव्हा कागद कोरडा पडतो, कडा आखडतात, दुसरी प्लेट पहिलीवर बसत नाही आणि काळ्या फोटोच्या काठाला लाल झालर येते. कागद दोन दिवस आधी मशीनच्या खोलीतच आणून ठेवा, वेष्टण न फोडता. छपाई सकाळी लवकर सुरू करायला सांगा, आणि पहिले पन्नास कागद वाया जाणार हे गृहीत धरूनच कागद घ्या.